जिथे पाठवतील तिथे

आमच्या भागात एखाद्याचा मुलगा ‘मिल्ट्रीत’ आहे असे सांगितले की पुढे कुणी दल विचारत नाही. मिल्ट्री म्हणजे पायदळ आणि पायदळ म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्री, जिचे केंद्र १९२२ पासून बेळगावच्या कॅम्पात आहे. भरतीच्या आदल्या रात्री खानापूर, चंदगड, हुक्केरी, निपाणी अशा चहूबाजूंनी आलेली पोरे कागदपत्रांची पिशवी उशाला घेऊन रस्त्याकडेला झोपलेली मी लहानपणापासून पाहत आलो आहे. सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे निळा गणवेशही अनोळखी नाही. नौदल मात्र आमच्या कल्पनेत कुठेच बसत नव्हते. समुद्र तसा दूर नाही. चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट उतरला की गोवा येतो. पण घाटमाथ्यावर राहणाऱ्या माणसाची समुद्राशी ओळख मासळीच्या टोपलीपुरती आणि जूनमधल्या ढगांपुरतीच असते.

म्हणून माझा धाकटा मामा हलशीजवळच्या एका वाडीतून नौदलात गेला, तेव्हा गावाने ‘बोटीवर गेला’ एवढीच नोंद घेतली. बोटीवर जाणे याचा आमच्याकडे रूढ अर्थ वेगळा होता. गोव्यातली माणसे परदेशी जहाजांवर आचारी किंवा खलाशी म्हणून जात, तसे जाणे. आपला मुलगा सरकारी नोकरीत आहे, त्याला गणवेश आहे आणि पुढे पेन्शन मिळणार आहे, हे आजीला कित्येक वर्षे भेटेल त्याला समजावून सांगावे लागले. मामा काही वर्षे विमानवाहू ‘विक्रांत’वर होता. डेकवर विमाने ढकलणाऱ्या, ती साखळ्यांनी जखडून ठेवणाऱ्या आणि वैमानिकाच्या बुटाखालून शिडी काढून घेणाऱ्या माणसांच्या तुकडीत त्याचे काम असे. सुटीवर आला की तो समुद्राबद्दल फारसे बोलत नसे, वाऱ्याबद्दल आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाबद्दल बोले, आणि त्यात एक नाव हमखास येई: ताहिलियानीसाहेब.

राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांचा जन्म १९३० चा, एका सिंधी कुटुंबातला. मराठी वाचकाला नौदल म्हटले की आवटी किंवा नाडकर्णी ही नावे जवळची वाटतात, आणि आजच्या पिढीला ताहिलियानी हे आडनाव भेटलेच तर ते त्यांच्या मुलाच्या, म्हणजे वस्त्ररचनाकार तरुण ताहिलियानी यांच्या, लग्नसराईतल्या महागड्या कपड्यांवर भेटते. मला हे नाव मामाच्या तोंडून भेटले, आणि त्याच्याशी जोडलेली तारीख पाठ झाली ती शाळेतल्या सनावळ्यांच्या कितीतरी आधी: १८ मे १९६१.

‘विक्रांत’ ही ब्रिटिशांनी ‘हर्क्युलिस’ या नावाने बांधायला घेतलेली आणि महायुद्ध संपल्यावर अर्धवट सोडून दिलेली नौका. भारताने ती विकत घेतली, पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला तिच्यावर तिरंगा चढवला. मुंबई तिला दिसायची होती ती नोव्हेंबरात. त्यापूर्वी, मे महिन्याच्या त्या दिवशी, एकतीस वर्षांच्या लेफ्टनंट ताहिलियानींनी आपले सी हॉक जातीचे जेट विमान तिच्या डेकवर उतरवले, आणि ते तिच्या डेकवर उतरलेले पहिले जेट ठरले. मामा तेव्हा नौदलात नव्हता, हे तो प्रामाणिकपणे कबूल करी. “मी सोता बघिटलो नाही, पण बघिटलेल्यांच्याबरोबर काम केलोय,” असे तो आमच्या बेळगावी मराठीत म्हणे, आणि त्या ‘केलोय’ला पुण्याकडचे पाहुणे हसले तरी त्याचे लक्ष नसे.

डेकवर विमान उतरवणे म्हणजे काय, हे त्याने मला आजीच्या अंगणात खडूने आखून दाखवले होते. सांबऱ्याची धावपट्टी आज दोन किलोमीटरांहून लांब आहे. ‘विक्रांत’ ही अख्खी नौका टोकापासून टोकापर्यंत सुमारे २१३ मीटर, आणि उतरण्यासाठी मिळणारा तिरका पट्टा त्याहून कमी. शिवाय ही धावपट्टी पुढे पळत असते, वरखाली होत असते आणि डावी-उजवीकडे कलत असते. पट्ट्यावर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि विमानाच्या शेपटीखाली एक हुक लोंबत असतो. त्या हुकाने तारांपैकी एक पकडली पाहिजे. डेकच्या बाजूला आरसे आणि दिवे यांची एक रचना असते, तिच्यातला प्रकाशाचा ठिपका मधोमध दिसत राहिला तर उतार बरोबर, वरखाली सरकला तर चूक. यातले मला सर्वांत नवल वाटले ते पुढचे. चाके डेकला टेकली की वैमानिक इंजिनाचा जोर कमी करत नाही, वाढवतो. कारण हुक तारेत अडकला नाही तर त्याला त्याच क्षणी पुन्हा आकाशात जायचे असते, आणि तसे जाण्यासाठी विचार करायला वेळ उरलेला नसतो. थांबायची वेळ आली की पूर्ण वेगाची तयारी ठेवायची, हे त्या वयात मला कोडेच वाटले होते.

पुढे मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवू लागलो, तेव्हा दोनदा सहलीचा मार्ग मुद्दाम वास्कोजवळच्या बोगमाळोवरून नेला. तिथे १९९८ साली सुरू झालेले नौदलाचे विमान संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात एक सी हॉक उभे आहे. मुलांचा हिरमोड झाला. एकाच माणसाला जेमतेम बसता येईल अशी ती चिंचोळी खोबण पाहून मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, “सर, हे तर आमच्या ट्रॅक्टरपेक्षा लहान आहे.” मीही पहिल्यांदा तेवढाच निराश झालो होतो. अंगणातल्या खडूच्या रेषांनी डोक्यात जे विमान तयार केले होते ते यापेक्षा पुष्कळ मोठे होते. मग मी शेपटीखालचा हुक शोधायला सांगितला, आणि तो सापडल्यावर पोरे जरा गप्प झाली.

ताहिलियानींची पुढली चढण मी थोडक्यात सांगतो, कारण लष्करी माणसांच्या बढत्यांची जंत्री वाचताना मला स्वतःलाच डुलकी येते. त्यांनी ‘त्रिशूल’ या युद्धनौकेचे आणि नंतर खुद्द ‘विक्रांत’चे कप्तानपद भूषवले. ज्या डेकवर तरुणपणी उतरले, त्याच डेकचे ते धनी झाले. १ डिसेंबर १९८४ रोजी ते नौदलप्रमुख झाले. त्या पदावर पोचलेले ते पहिले नौदल वैमानिक. त्यांच्या तीन वर्षांत ‘विराट’ ही दुसरी विमानवाहू नौका मे १९८७ मध्ये दाखल झाली, आणि त्याच वर्षी श्रीलंकेतली भारतीय शांतिसेनेची मोहीम सुरू झाली. १९८७ च्या नोव्हेंबरअखेर ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी जयंत नाडकर्णी आले. इथपर्यंतचे आयुष्य भव्य असले तरी अनपेक्षित नाही. मला ज्या वळणाबद्दल लिहायचे आहे ते यानंतरचे आहे.

१९८९ च्या शेवटी दिल्लीत सत्ता बदलली आणि विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने राज्यपालांचे राजीनामे मागवले. आपल्याकडे राज्यपाल हा राज्याचा घटनात्मक प्रमुख असतो हे मी वर्गात कितीही गंभीरपणे शिकवले, तरी दिल्लीतले सरकार बदलले की राजभवनातले सामान बांधले जाते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या पोरांनाही कळत होते. त्या बदलांच्या लाटेत फेब्रुवारी १९९० मध्ये ताहिलियानींची सिक्कीमचे राज्यपाल म्हणून नेमणूक झाली. त्यांच्या आधीचे राज्यपाल माजी संरक्षण सचिव होते. म्हणजे संरक्षण मंत्रालय आणि नौदलाचे मुख्यालय जिथे होते त्या दिल्लीच्या साउथ ब्लॉकमधल्या एका खुर्चीतून निघालेला माणूस गंगटोकहून परतला आणि दुसऱ्या खुर्चीतून निघालेला तिथे पोचला.

ही बातमी मामाने बेळगावच्या मराठी दैनिकात वाचली. तोवर तो निवृत्त होऊन वाडीवर भात आणि थोडा ऊस करीत होता. संध्याकाळी मी गेलो तर त्याने चष्मा काढून विचारले, “सिक्कीमला समुद्र हाय काय रे?” नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला: राज्यपालाला काम काय असते? मी पाठ्यपुस्तकातले उत्तर दिले. कारभार त्याच्या नावाने चालतो, पण तो चालवते मंत्रिमंडळ. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो. मामा बराच वेळ सुपारी कातरत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे ब्रिजवर उभारायचं, ऑर्डर दुसऱ्यानं द्यायची आणि सही आपण करायची.” ब्रिज म्हणजे नौकेवरची कप्तानाची उभी राहायची जागा. मी त्याला दुरुस्त करायला तोंड उघडले, पण दुरुस्त करण्यासारखे फारसे सापडले नाही.

नौकेचा कप्तान हा लोकशाहीच्या जगातला बहुधा शेवटचा एकछत्री अधिकारी असेल. किनारा दिसेनासा झाला की नौका, तिच्यावरची सारी माणसे, तोफा, पाणी, इंधन आणि शिस्त यांच्या बऱ्यावाईटाला तो एकटा जबाबदार असतो. नौका खडकावर गेली तर सुकाणू कुणाच्या हातात होते हे नंतर विचारले जाते, आधी कप्तानाला विचारले जाते. असे आयुष्य काढलेल्या माणसाने, ज्याचा शब्द नौदलात अखेरचा होता त्याने, साठीला टेकताना असे पद स्वीकारावे की ज्यात मान सर्वांत वरचा आणि स्वतःचा शब्द सर्वांत शेवटचा, याचे मला नवल वाटते. पुष्कळ निवृत्त सेनाधिकाऱ्यांनी ते स्वीकारले आहे आणि त्यातले काही केवळ बंगल्यासाठी असतील, असे म्हणण्याचा मोह होतो. पण नौदलात शिरताना घेतलेली शपथ आठवली की तो मोह आवरतो: समुद्रमार्गे, भूमार्गे किंवा हवाईमार्गे, जिथे पाठवतील तिथे जाईन. ताहिलियानी तिन्ही मार्गांनी गेले.

सीमाभागातल्या माणसाला राज्यपाल या पदाचा एक वेगळाच परिचय असतो. तो निवेदनातून होतो. आमच्याकडे मराठी शाळेत शिक्षक नेमला नाही, सातबाराचे उतारे मराठीत मिळेनासे झाले, फलकावरचे एखाद्या गावाचे नाव बदलले, की एक निवेदन तयार होते. चारपाच गावकरी डीसी ऑफिसला जातात, छायाचित्र निघते, आणि निवेदनाच्या माथ्यावर ‘मा. राज्यपाल यांना जिल्हाधिकाऱ्यांमार्फत’ असे लिहिलेले असते. अक्षर बरे म्हणून अशी निवेदने लिहून देण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे असे. मुख्यमंत्री पक्षाचा असतो, मंत्री मतदारसंघाचा असतो, पण राज्यपाल तरी कुणाचा नसतो, त्यामुळे तो ऐकेल, ही त्यामागची भाबडी आणि तरीही पूर्णपणे चुकीची न म्हणता येणारी समजूत. निवेदन वर जाते आणि ज्या खात्याविरुद्ध ते असते त्याच खात्याकडे ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ खाली येते. यात कुणाचा लबाडपणा नाही. पदाची रचनाच तशी आहे. सल्ला मंत्रिमंडळाने द्यायचा असेल तर कागदही तिथेच जाणार.

सिक्कीमच्या बाबतीत मात्र घटनाकारांच्या नंतरच्या पिढीने एक अपवाद करून ठेवला आहे, आणि तो वाचल्यावर ताहिलियानींच्या पदाकडे मी जरा सरळ बसून पाहू लागलो. १९७५ साली सिक्कीम भारताचे बाविसावे राज्य झाले तेव्हा घटनेत ३७१-एफ हे कलम घातले गेले. राज्यात शांतता राखणे, आणि तिथल्या निरनिराळ्या लोकसमूहांच्या सामाजिक व आर्थिक उन्नतीची न्याय्य व्यवस्था होईल असे पाहणे, याबद्दल सिक्कीमच्या राज्यपालावर विशेष जबाबदारी आहे, आणि राष्ट्रपतींच्या निर्देशांच्या अधीन राहून ती त्याने स्वविवेकाने पार पाडायची आहे. निरनिराळे लोकसमूह म्हणजे लेपचा, भूतिया आणि संख्येने सर्वांत मोठे असलेले नेपाळी. विधानसभेच्या ३२ जागांपैकी १२ भूतिया-लेपचांसाठी आणि एक चक्क बौद्ध मठांतल्या भिक्षूंसाठी राखीव; ही शेवटची जागा देशात दुसरीकडे कुठेच नाही. या राखीव जागा समतेच्या तत्त्वाला धरून आहेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९३ साली, म्हणजे ताहिलियानी गंगटोकच्या राजभवनात असतानाच, न्यायालयाने त्या वैध ठरवल्या.

असे अपवाद आमच्या आजूबाजूलाही आहेत. विदर्भ-मराठवाड्यासाठी महाराष्ट्राच्या राज्यपालावर विशेष जबाबदारी टाकता येते, आणि २०१२ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३७१-जे कलमामुळे हैदराबाद-कर्नाटकासाठी कर्नाटकाच्या राज्यपालावर टाकता येते. त्यामुळे सीमाप्रश्नातले बीदर आणि भालकी त्या छत्राखाली आले. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, निजामाच्या राज्यात नव्हते, म्हणून ते या छत्राच्या बाहेर राहिले. भाषिक अल्पसंख्याकांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे असे सांगणारे ३५०-अ कलम आम्हाला आहे, पण त्यात राज्यपालाच्या स्वविवेकाचा उल्लेख नाही. नागरिकशास्त्राच्या मास्तराला ही कलमे नकाशासारखी दिसतात, आणि आपले गाव रेषेच्या किती हात अलीकडे-पलीकडे पडले हे त्याला सारखे मोजावेसे वाटते.

पण कलमांपेक्षा मला ज्या योगायोगाने अडवून धरले तो भाषेचा आहे. ताहिलियानी सिंधी. फाळणीत सिंधी माणसाचा प्रांत अखंडपणे पलीकडे गेला. पंजाबी आणि बंगाली माणसाला निदान अर्धा तुकडा मिळाला, सिंध्याला नकाशावर बोट ठेवायला जागा उरली नाही. तरीही १९६७ साली सिंधी भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. भाषा मान्य झाली, राज्य नव्हतेच. हा माणूस ज्या राज्याचा राज्यपाल झाला तिथली परिस्थिती नेमकी उलटी होती. सिक्कीमला राज्य मिळाले होते, पण तिथल्या बहुसंख्यांची नेपाळी भाषा परिशिष्टाबाहेर होती, आणि ती परदेशी भाषा आहे असे म्हणणारे दिल्लीत भेटत असत. सिक्कीमच्या खासदार दिलकुमारी भंडारी यांनी संसदेत तिच्यासाठी नेट लावला, आणि ऑगस्ट १९९२ मध्ये ७१ व्या घटनादुरुस्तीने नेपाळी, मणिपुरी आणि कोकणी या तीन भाषा एकाच वेळी परिशिष्टात दाखल झाल्या. आजही नेपाळी भाषक २० ऑगस्ट हा भाषा मान्यता दिवस म्हणून साजरा करतात. यात राज्यपालाचा काही वाटा नव्हता. परिशिष्ट बदलणे हे संसदेचे काम. पण राज्य नसलेल्या भाषेत वाढलेला एक माणूस त्या दिवशी गंगटोकला होता आणि परिशिष्ट नसलेल्या भाषेचा आनंद त्याच्या खिडकीखालून जात असणार, हे चित्र मला फार वेळ सोडत नाही.

आमची गोष्ट तिसऱ्याच प्रकारची आहे. मराठी आठव्या परिशिष्टात पहिल्या दिवसापासून आहे आणि मराठीचे राज्यही आहे, शिनोळीच्या नाक्यापलीकडे दिसतेच. फक्त आमचे घर त्या राज्यात नाही. आणि त्याच ७१ व्या दुरुस्तीने मान्य झालेली कोकणी आमच्या खानापूरच्या पश्चिमेकडच्या वाड्यांतून घरोघर बोलली जाते. त्या वर्षी वर्गात मी ही दुरुस्ती शिकवली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने, ज्याची आई कोकणी बोलायची, वडील मराठी आणि शाळेबाहेरची सगळी दुकाने कन्नड, मला विचारले होते की परिशिष्टात आल्यावर भाषेला काय मिळते. मी नोटेवरच्या भाषा, लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, साहित्याचे मान असे काही सांगितले. ‘शिक्षक मिळतो का?’ असे त्याने विचारले असते तर मी अडचणीत आलो असतो, पण सुदैवाने घंटा झाली.

ताहिलियानी सिक्कीमला गेले तेव्हा तिथल्या विधानसभेत विरोधी पक्षच नव्हता. नरबहादूर भंडारी यांच्या सिक्कीम संग्राम परिषदेने १९८९ च्या निवडणुकीत सर्वच्या सर्व ३२ जागा जिंकल्या होत्या. अशा राज्यात राज्यपालाला करण्यासारखे काही नसते असे वाटते. प्रत्यक्षात विरोध बाहेर नसला की तो आत साठतो. १९९२ मध्ये भंडारींनी पवनकुमार चामलिंग यांना मंत्रिमंडळातून काढले, १९९३ मध्ये चामलिंगांनी स्वतःचा पक्ष काढला, आणि १९९४ मध्ये भंडारींचेच आमदार फुटले. भंडारी विश्वासमत हरले, ते विधानसभेत हरले, आणि संचमान लिंबू मुख्यमंत्री झाले.

‘विधानसभेत’ या शब्दावर मी जोर देतो याला आमच्याकडचे कारण आहे. पाच वर्षांपूर्वी, एप्रिल १९८९ मध्ये, कर्नाटकात एस. आर. बोम्मई यांचे सरकार आमदारांनी दिलेल्या पत्रांच्या आधारे राज्यपालांच्या अहवालावरून बरखास्त झाले होते. बोम्मई जुन्या धारवाड जिल्ह्यातले, आमच्या शेजारचे. सभागृहात बहुमत सिद्ध करू द्या असे ते म्हणत राहिले आणि तशी संधी त्यांना मिळाली नाही. त्यांच्या खटल्याचा निकाल नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ११ मार्च १९९४ रोजी दिला: बहुमत आहे की नाही हे सभागृहात मोजायचे, राजभवनात नाही. त्याच वर्षी सिक्कीमचा प्रसंग घडला. बेळगावात भूमिका काहीही असो, बोम्मई निकाल आम्ही सगळ्यांनी चवीने वाचला, कारण राजभवनात किती शक्ती असते आणि किती नसावी, हे ठरवणारा तो कागद एका अर्थी आमच्याच मुलखातून दिल्लीला गेला होता.

इथे मला डेकवरची ती तार आठवते, पण ही तुलना फार ताणू नये असेही वाटते. राज्यपालपद म्हणजे काही हुक नव्हे. एवढे मात्र खरे की ज्याने आयुष्यभर वेग, यंत्रे आणि माणसे हातात ठेवली, त्याच्यापुढे पेचप्रसंग आला तेव्हा त्याच्या राज्यात मोजणी सभागृहात झाली. सप्टेंबर १९९४ मध्ये त्यांची राज्यपालपदाची कारकीर्द संपली आणि डिसेंबरात चामलिंग निवडून आले ते पुढची चोवीस-पंचवीस वर्षे हललेच नाहीत. ताहिलियानी मात्र पुढे ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या भारतीय शाखेचे अध्यक्ष झाले आणि लाचलुचपतीबद्दल बोलत राहिले. २०१५ च्या ऑक्टोबरात ते गेले.

नौदलप्रमुख राहिलेले दुसरे एक नाव अलीकडे राजभवनाशी जोडले गेले ते देवेंद्रकुमार जोशी यांचे. पाणबुडीवरील अपघातानंतर नैतिक जबाबदारी स्वीकारून त्यांनी २०१४ मध्ये मुदतीआधीच प्रमुखपद सोडले आणि २०१७ मध्ये ते अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल झाले. तिथे विधानसभा नाही, कारभार नायब राज्यपालाच्या हाती आहे आणि चोहीकडे समुद्र आहे. मामा असता तर हे त्याला रास्त वाटले असते.

ताहिलियानींच्या आयुष्यातली आमच्या सर्वांत जवळची गोष्ट कारवारला आहे. त्यांच्या नौदलप्रमुखपदाच्या काळात, २४ ऑक्टोबर १९८६ रोजी, पंतप्रधान राजीव गांधी यांनी कारवारजवळ ‘सीबर्ड’ या नव्या नौदल तळाची पायाभरणी केली. कल्पना आधीचे प्रमुख डॉसन यांची. मुंबईच्या गर्दीतून आरमाराला मोकळी जागा हवी होती. मग पैशांअभावी काम रेंगाळले, किनाऱ्यावरच्या कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची घरे उठली, आणि १९ वर्षांनी, ३१ मे २००५ रोजी, तळ कार्यरत झाला तेव्हा त्याला नाव मिळाले ‘कदंब’. बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी पलाशिका, म्हणजे आमची हलशी. तिथल्या भूवराह नरसिंहाच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून मामाने मला पहिल्यांदा ‘विक्रांत’बद्दल सांगितले होते.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी त्याला कारवारला घेऊन गेलो. तळात शिरता येणार नव्हते. हमरस्त्यावरून लांब भिंत आणि तिच्यावर डोकावणारे डोलकाठीचे एक टोक तेवढे दिसले. त्याने गाडी थांबवायला लावली, रस्त्याकडेला ताठ उभा राहिला, आणि मी विचारण्याआधीच म्हणाला की फ्रिगेट जातीची युद्धनौका असणार. परतीच्या वाटेवर अनमोडला चहा घेताना तो खुशीत होता. वाडीवर पोचल्यावर त्याने सर्वांना सांगितले की आपल्या हलशीच्या राजाचे नाव नौदलाने घेतले आहे, आणि गावाने लगेच समजून घेतले की कदंब नावाची एक मोठी बोट आली आहे. कदंब ही बोट नाही, जमिनीवरचा तळ आहे, आणि जमिनीवर असूनही नौदल त्याला जहाजासारखेच नाव देते, हे मामा त्यानंतर वर्षभर, आजीसारखाच, भेटेल त्याला समजावत राहिला.